पिल्लं उचलण्याचं काम

कॉलेजात मी आधी झाडू मारायचे. औषधांचं कॉलेज आहे. मागच्या बाजूला, पार्किंगच्या पलीकडे एक बैठी इमारत आहे, तिथं पांढरे उंदीर ठेवतात. आत कायम गार असतं, दिवे आपोआप लागतात आणि आपोआप जातात, आणि मोठ्यानं बोलायचं नाही असा नियम. तिथल्या मॅडमनी एकदा मला मुख्य इमारतीचा जिना झाडताना थांबवलं आणि विचारलं, "ताई, तुमचा आवाज नेहमी एवढाच असतो?" मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी नुसती मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग उद्यापासून माझ्याकडे या. मला असंच माणूस हवंय."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "तुझ्या न बोलण्याचा पगार वाढवून मिळणार होय?" पगार वाढला नाही, पण मी गेले.

मॅडम उंदराच्या मेंदूचा नकाशा करत होत्या. तो मेंदू केवढा, चिंचोक्याहून थोडा मोठा. त्याचा कसला नकाशा, असं मला वाटायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. मेंदूत पेशी असतात आणि पेशींना धागे फुटलेले असतात. एकीचा धागा दुसरीपर्यंत जातो पण तिला टेकत नाही, मध्ये बारीकशी फट राहते. धाग्याच्या टोकातून त्या फटीत रसायन सुटतं आणि पलीकडची पेशी ते घेते. निरोप जातो तो असा. कुठल्या जागी कुठलं रसायन सुटतं, कुठला धागा कुणापर्यंत पोचतो, हे सगळं मांडायचं म्हणजे नकाशा.

"आणि फट बुजली तर?" मी विचारलं.

"बुजून कसं चालेल? फट असते म्हणून तर निरोप पाठवावा लागतो," मॅडम म्हणाल्या आणि डब्यातली भेंडी माझ्या पोळीवर वाढली.

त्यांना बघायचं होतं ते वेगळंच होतं. नुकती जन्मलेली पिल्लं रोज काही तास आईपासून लांब ठेवली, तर मोठेपणी त्यांच्या मेंदूतले धागे कसे होतात. आणि आईच्या मेंदूत काय होतं तेही. त्यासाठी रोज ठरल्या वेळी पिल्लं उचलणारं एकच माणूस पाहिजे होतं. हात बदलला की जनावर घाबरतं, आणि घाबरलं की रसायनं बदलतात. ते माणूस मी.

काम असं होतं. आधी आईला अलगद काढून दुसऱ्या पेटीत ठेवायचं. मग हातमोजे घालून तिच्याच पेटीतल्या भुशात हात चांगले घोळवायचे, म्हणजे पिल्लांना आपला वास लागत नाही. मग एकेक पिल्लू उचलायचं. करंगळीएवढी असतात, गुलाबी, डोळे मिटलेले, कातडीतून पोटातलं पांढरं दूध दिसतं. ती सगळी एका छोट्या डब्यात घालून, खाली ऊब देणारी गादी ठेवून, शेजारच्या खोलीत न्यायची. वेळ झाली की परत आणायची. वासाचा साबण लावायचा नाही, वासाचं तेल नाही, केसात फूल नाही.

तिथं एक काका होते, पेट्या धुणारे. गाभण उंदरीण वेगळ्या पेटीत आली की म्हणायचे, "ताई, माहेरवाशीण आली तुमची. डिंकाचे लाडू करा." मी तोंडाला पदर लावून हसायचे. मॅडम आतून ओरडायच्या, "काका, आवाज!" तर काका कुजबुजत, "मेथीचे चालतील का विचारा."

घरी त्या फुलांवरून वेगळंच चाललं होतं. पावसाळ्याच्या अखेरीला बाय माझ्याकडे येऊन राहिली होती. बाय म्हणजे माझी आई. तिचे पाय सुजायचे आणि चार पावलं चाललं की दम लागायचा. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर डॉक्टर नाही, म्हणून मी तिला नाशिकला आणलं. पेठ रोडला आमची एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी, त्या पडवीत तिची खाट. मी कामाला निघाले की ती बघायची आणि म्हणायची, "नवरा धडधाकट हाय आन् डोक्यात फूल नाय. लोकं काय म्हणतील?"

"उंदरांना वास चालत नाही, बाय."

"उंदरांसाठी फूल सोडलं. माणसांसाठी काय सोडशील?"

ती असंच बोलायची, माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत. आमचं बोलणं एवढंच. चहा घे, गोळी घेतली का, पाय वर ठेव. दोन परक्या बायका एसटी स्टँडवर शेजारी बसल्यावर जेवढं बोलतात तेवढं.

याचं कारण मला लहानपणापासून माहीत होतं. माझा जन्म श्रावणातला. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ट्रकनं द्राक्षांच्या बागेत कामाला जातात, पार दिंडोरी-पिंपळगावकडे, ती उन्हाळा कलताना परत येतात. बाय आणि बाप दरवर्षी जायचे. माझ्या आधीचा माझा भाऊ बागेतच तापानं गेला होता, म्हणून मला नेलं नाही. मावशीला मूल नव्हतं, तिच्याकडे ठेवलं. मावशीनं शेळीच्या दुधावर मला वाढवलं. मी तिलाच आई म्हणते. इथं लिहिताना मात्र मावशीच लिहिते, नाहीतर माझाच घोटाळा होईल.

बाय परत यायची ते मला थोडं थोडं आठवतं. ती घरात शिरायची नाही, उंबऱ्याच्या बाहेर पाव्हण्यासारखी बसायची. पुड्यात बेदाणे असायचे. पुडा ती जमिनीवर ठेवायची आणि बोटानं माझ्याकडे सरकवायची. मी मावशीच्या लुगड्यामागून हात लांब करून तो घ्यायचे. बायनं मला कधी उचलून घेतलेलं मला आठवत नाही. पाऊस सुरू झाला की ती शेतात, आणि भात कापून झालं की पुन्हा ट्रक. चौथीनंतर मावशीच्या शेळ्या माझ्याकडे आल्या, मग लग्न, मग नाशिक. मधल्या काळात आम्ही दोघी एका घरात कधी राहिलोच नाही.

मला वाटायचं, तिला जमलं बाबा सोडून जायला. काहींना जमतं.

आता उंदरिणींचं सांगते. पहिल्या दिवशी पिल्लं नेली आणि आईला तिच्या पेटीत परत सोडलं की ती वेडी व्हायची. कागदाच्या पट्ट्यांचं केलेलं घरटं उचकटायची, भुसा खणायची, पेटीच्या चारही कोपऱ्यांत नाक खुपसून यायची, पुन्हा घरट्यात, पुन्हा कोपऱ्यात. मॅडमनी सांगितलं की पिल्लं रडतात ते आपल्याला ऐकूच येत नाही, त्यांचा आवाज फार बारीक असतो. ते ऐकायचं एक यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते माझ्या कानाला लावून दिलं. मी लगेच काढलं.

पिल्लं परत दिली की आई एकेकाला तोंडात धरून घरट्यात न्यायची आणि चाटत राहायची. पोट, पाठ, पाय, काही सोडायची नाही. ते बघताना मला कसंसंच व्हायचं, पण बरंही वाटायचं.

त्यातली एक होती, तिच्या शेपटीवर निळ्या पेनानं खूण केलेली. पहिले काही दिवस तिनंही सगळ्यांसारखंच केलं. पुढं पुढं ती शोधेनाशी झाली. मी पिल्लं उचलायला आले की स्वतःच पेटीच्या टोकाला जाऊन उभी राहायची. पिल्लं परत दिली तरी तिथंच, पाठ करून. पिल्लं भुशात वळवळत राहायची. बऱ्याच वेळानं ती यायची, ओळखीच्या माणसाच्या घरी शिरावं की नाही असं करत.

मॅडम तासन् तास बसून हे सगळं टिपून घ्यायच्या. उंदरिणींबद्दल मी स्वतःहून त्यांना कधी काही विचारायचे नाही, पण एक दिवस विचारलं. "ही अशी का करते?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"जीव उडाला असेल तिचा."

मॅडम म्हणाल्या, "मलाही वाटतंय की तिच्यात काहीतरी कमी झालं असणार. दिसेलच."

दिसेल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. जनावर मारून मेंदू काढायचा तो भाग मॅडम स्वतः करायच्या. माझ्या हातून त्यांनी तो कधी करून घेतला नाही, मला दुसऱ्या इमारतीत पाठवून द्यायच्या. परत आलं की पेट्या धुऊन उन्हात पालथ्या घातलेल्या असायच्या आणि काका त्या दिवशी लाडवांचं काही बोलायचे नाहीत.

मग मेंदू गोठवायचा, यंत्रावर त्याचे काप काढायचे, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यापेक्षा पातळ. ते रंगात बुडवायचे. ज्या रसायनाचा शोध चाललाय ते असेल तिथंच रंग धरतो, आणि खास दिव्याखाली ती जागा चमकते. हे व्हायला बरेच आठवडे लागले. तोवर दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी मॅडमनी मला आत बोलावलं आणि कॉम्प्युटरवर मोठं करून दाखवलं. काळ्या जमिनीवर हिरवे ठिपके आणि त्यांतून निघालेले हिरवे धागे. आमच्याकडे काजवे झाडावर बसतात तसे.

"हे एका आईचं, जी चाटायची तिचं," त्या म्हणाल्या. "आणि हे त्या निळ्या शेपटीवालीचं."

मी दोन्हीकडे बघितलं. मला काही फरक कळेना.

"नाहीच आहे फरक," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "मला वाटलं होतं हिच्यात हे ठिपके कमी दिसतील. कमी नाहीत."

"मग ती लांब का उभी राहायची?"

"नाही माहीत. आणि एका चित्रावरून काही म्हणायचं नसतं, ताई. अजून किती बघायचीत." मग त्या म्हणाल्या, "पेपरात या रसायनाला प्रेमाचं रसायन म्हणतात. असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ते बाळंतपणात कळाही आणतं."

त्या दिवशी मी रिक्षा न करता चालत घरी आले. मला एकच कळून घ्यायचं होतं. मला सोडून ट्रकमध्ये चढताना बायला काही झालं होतं की नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की नसेल झालं. ते धरून चालणं सोपं होतं. आता ते सुटलं आणि हातात काहीच राहिलं नाही. आणि बायचा चेहराही हल्ली सुजायला लागला होता, म्हणजे विचारायचं तर लवकर.

घरी आले तेव्हा ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. मी समोर बसले, एक जुडी ओढून घेतली. बरीच पानं निवडून झाल्यावर म्हटलं, "बाय, मी तान्ही होते तेव्हा तू बागेत गेलीस. तेव्हा कसं वाटलं तुला?"

तिचे हात थांबले नाहीत. "कसं म्हणजे?"

"मला ठेवून जाताना."

"नाय आठवत."

"काहीच?"

"मावशीनं तुला कधी उपाशी ठेवलं का?"

"नाही."

"मारलं का?"

"नाही गं."

"मग?" ती म्हणाली आणि देठं गोळा करून माझ्या पुढ्यात टाकली. "ही शेळीला घाल. हां, इथं शेळी कुठली. टाकून दे."

मी उठून देठं टाकून आले. परत आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपलेली नव्हती. मला तिच्या पायाला हात लावावासा वाटला, सूज बघायच्या निमित्तानं तरी. मी पाणी तापवायला गेले.

पुढं ती भराभर उतरत गेली. सरकारी दवाखान्यात दाखल केलं, कॉट मिळाली खिडकीजवळची. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, पाणी भरतंय. मी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हात बदलला तर बदलू दे, पिल्लांचं मी बघते, तुम्ही तिकडे थांबा." मी थांबले. बाय कधी शुद्धीत असायची, कधी नसायची. शुद्धीत असली की, "तुझा खाडा होतोय," एवढं म्हणायची.

एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिनं चमचा हातानं बाजूला केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. अशी ती माझ्याकडे कधी बघत नसे. मग मावशीचं नाव घेतलं. ती मला मावशी समजत होती.

"गाडी आली का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "कुठली?"

"बागेची. हार्न वाजला ना आत्ता." खाली रस्त्यावर खरंच कुठली तरी गाडी वाजत होती. "पोर निजली का?"

मी हो म्हटलं.

"मग मला जाऊ दे. तिला उठवू नको. उठली तर माझ्याकडं आणू नको, मागच्या दारानं शेळ्यांकडं ने. मला दिसली तर मी चढायची नाय. मग खायाचं काय?" तिला धाप लागली. दम खाऊन ती म्हणाली, "दुखतंय गं. भरून आलंय. बांध."

"काय बांधू?"

"छाती. फडकं घे. काल बांधलंस ते ढिलं झालं. घट्ट बांध, म्हणजे आटंल."

पावसाळ्यातलं पोर दिवाळीला सोडून निघणाऱ्या बाया दूध आटावं म्हणून छातीला फडकं आवळून बांधतात, हे मला पाड्यावर ऐकून माहीत होतं. ते माझ्यासाठीही कुणी बांधलं असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

मी पिशवीतून माझी ओढणी काढली. तिला पुढं वाकवून, पाठीमागून हात घालून ओढणी गुंडाळली. तिच्या अंगात काही राहिलं नव्हतं, फासळ्या हाताला लागत होत्या. छाती पार वाळून गेलेली. श्वास अडकू नये म्हणून मी माझा पंजा ओढणीच्या आत ठेवला आणि गाठ मारली.

"अजून घट्ट," ती म्हणाली.

मी नुसतीच गाठ ओढल्यासारखं केलं. "आता?"

"अजून."

"आता?"

"हां." तिनं डोळे मिटले. कपाळ माझ्या खांद्याला टेकलं होतं.

सिस्टर औषधं घेऊन आल्या. "काय हो, हे काय बांधलंय पेशंटला?"

"थंडी वाजतेय म्हणते," मी म्हटलं.

"इतक्या उन्हात? बरं, सैल ठेवा." त्या पुढच्या कॉटवर गेल्या.

मी तशीच बसून राहिले, एक हात ओढणीत, एक तिच्या पाठीवर. मला सांगावंसं वाटत होतं की बाय, मी निजलेली नाही, ही मी आहे. पण तसं सांगितलं असतं तर ती पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली असती. मी मावशीच राहिले. म्हटलं, "सांभाळते मी तिला. तू जा." तिनं मान हलवली.

त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. दोन दिवसांनी गेली. आम्ही जीप करून तिला पाड्यावर नेलं.

दहावा झाल्यावर मावशी आणि मी चुलीपाशी बसलो होतो. मावशीचंही वय झालंय, तिला कमी दिसतं. मी तिला विचारलं, "आई, तू बायची छाती बांधायचीस?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

"बायनंच."

"खोटं. ती नाय सांगायची." तिनं लाकडं पुढं सारली. मग बोलली. "बांधायची. पहिल्या वर्षी लय दूध होतं तिला, लुगडं भिजायचं. मीच बांधलं, मलाच रडू यायचं. ती नाय रडली."

"आणि मग?"

"मग दरवर्षी."

"दरवर्षी कशाला? दूध एकाच वर्षाचं."

"तेच मी म्हणायची तिला. तू शाळेत जायला लागली होतीस, पाटी घेऊन. दूध कुठलं, आटून किती वर्षं झालेली. तरी दिवाळी झाली की फडकं घेऊन माझ्यापुढं उभी. बांध. मी म्हणायची, आगं आता काय हाय त्यात? तर म्हणायची, दुखतंय, बांध."

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार? बांधायची," मावशी म्हणाली. "ट्रक थांबत नाय ना."